भाव जिथे, कोंबडी तिथे

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेच्या तक्त्यात आसाम आणि हरियाणा खालीवर बसले आहेत. आसामात ४ कोटी ६७ लाख कोंबड्या-बदकं, हरियाणात ४ कोटी ६३ लाख. नुसता तक्ता वाचणाऱ्याला वाटेल, दोघं तोडीस तोड आहेत. पण आसामातले बहुतेक पक्षी घरामागे वाढतात. दिवसभर उकिरडा उकरायचा, दिवेलागणीला खुराड्यात शिरायचं, वर्षाकाठी साठ-सत्तर अंडी घालायची आणि मध्येच खुडूक बसायचं, असा त्यांचा संसार. हरियाणात पंचकुल्याजवळच्या बरवाला-रायपूर राणी पट्ट्यातली लेअर कोंबडी खुडूक बसत नाही. तो गुण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिच्यातून काढून टाकलेला आहे. ती पिंजऱ्यात राहते, रोज शंभर-एकशेदहा ग्रॅम खाद्य खाते आणि वर्षाला तीनशेच्या आसपास किंवा त्याहून जास्त अंडी देते. पहिली कोंबडी घरातल्या बाईची असते, दुसरी बहुधा बँकेच्या कर्जावर उभी असते. गणनेत मात्र दोघी एकेकच.

म्हणून कोंबड्या कुठे किती आहेत हे मोजून कोंबडीचा धंदा कुठे आहे ते कळत नाही. त्या गणनेत देशात एकूण ८५ कोटी १८ लाख पक्षी निघाले. त्यांतले ३१ कोटी ७० लाख परसातले आणि ५३ कोटी ४७ लाख व्यापारी शेडमधले. आधीच्या गणनेच्या तुलनेत परसातल्या पक्ष्यांची संख्या ४५.८ टक्क्यांनी वाढली होती, शेडमधल्यांची फक्त ४.५ टक्क्यांनी. पण अंड्यांच्या उत्पादनाकडे नजर टाकली की चित्र पालटतं. २०२३-२४ मध्ये देशात सुमारे १४,२७७ कोटी अंडी झाली. त्यांतली १७.८५ टक्के आंध्र प्रदेशात, १५.६४ टक्के तामिळनाडूत आणि १२.८८ टक्के तेलंगणात. देशाची जेमतेम बारा टक्के माणसं राहतात त्या तीन राज्यांत देशाची ४६ टक्के अंडी निपजतात.

हे असं का, असं विचारलं की बहुतेक जण निसर्गाकडे बोट दाखवतात. माझं म्हणणं वेगळं आहे. कोंबडीच्या धंद्याचा नकाशा निसर्गाने थोडासाच काढला. बाकीचा भाव ठरवणाऱ्यांनी, उधारी देणाऱ्यांनी आणि हमखास खरेदी करणाऱ्यांनी काढला. हे मान्य केलं तर पुढचंही मान्य करावं लागतं. ज्या प्रदेशात हा धंदा नाही तिथे कोंबड्या वाटून तो येणार नाही.

आधी निसर्गाची बाजू तपासू. पहिलं उत्तर हवामानाचं. लेअर कोंबडीला कोरडी हवा मानवते. दमट हवेत खाद्याला बुरशी लागते, विष्ठा वाळत नाही, माश्या होतात, अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरतात. तामिळनाडूतलं अंड्यांचं केंद्र नामक्कल कोरडं आहे, हे खरंच. पण आंध्रातले गोदावरी जिल्हे म्हणजे कालव्यांचा, भातशेतीचा, घामट प्रदेश. तिथेही तणुकूच्या परिसरात लेअरची मोठमोठी शेडं आहेत. बरवाल्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि हिवाळ्यात हाडं गोठतात. राजस्थानात अजमेरच्या आसपास अंड्यांचा मोठा धंदा आहे, आणि तिथल्या उन्हाळ्याबद्दल सांगायला नको. कोंबडीला ऊन लागतं, ती मरतेही. पण पत्रा पांढरा रंगवून, फॉगर लावून, पाण्यात इलेक्ट्रोलाइट घालून शेडवाले तिला जगवतात. हवामान खर्च वाढवतं, पण धंदा कुठे बसणार हे त्याच्या हातात नसतं.

दुसरं उत्तर दाण्याचं. अंडं किंवा कोंबडी तयार करण्याच्या खर्चात साठ ते सत्तर टक्के वाटा खाद्याचा असतो, आणि खाद्य म्हणजे मुख्यतः मका आणि सोयाबीनची पेंड. एक किलो अंड्यांसाठी दोन किलोंच्या वर खाद्य लागतं. जर्मन अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड वेबर यांनी १९०९ मध्ये उद्योगांच्या स्थानाचा जो सिद्धान्त मांडला, त्याप्रमाणे कच्चा माल पक्क्या मालाहून वजनदार असेल तर कारखाना कच्च्या मालाजवळ हवा. उसाचं तसंच आहे; तोडलेला ऊस दिवसभरात गाळला नाही तर उतारा पडतो, म्हणून साखर कारखाना उसाच्या फडातच उभा राहतो. मग कोंबडी मक्याच्या शेतात का उभी नाही? बिहारमध्ये पूर्णियाजवळची गुलाबबाग मंडी ही मक्याच्या मोठ्या बाजारपेठांपैकी एक. तिथून मक्याच्या मालगाड्या भरून दक्षिणेकडे जातात. आणि बिहार अंडी मागवतो आंध्रातून. दाणा दीड-दोन हजार किलोमीटर खाली जातो आणि अंडं होऊन तेवढाच रस्ता वर येतो. दरडोई अंड्यांच्या उत्पादनात बिहार देशाच्या सरासरीच्या कितीतरी खाली आहे. वेबरच्या हिशेबात हे कुठेच बसत नाही.

तिसरं उत्तर जिभेचं: जिथे लोक खातात तिथे धंदा. दक्षिणेत आणि पूर्वेत बहुसंख्य लोक अंडी-मांस खातात, हे खरं. पण हरियाणा आणि पंजाब शाकाहाराबद्दल ओळखले जातात, आणि तरीही तिथे लेअरची मोठी केंद्रं आहेत. उलट बंगालला अंडं मनापासून आवडतं, पण बंगालने कित्येक वर्षं आंध्राच्या लॉरीची वाट पाहिली. खाणारा एकीकडे आणि पिकवणारा दुसरीकडे, असं अंड्याच्या बाबतीत सर्रास घडतं.

तरी निसर्गाला एक गुण द्यावाच लागेल, आणि तो अंड्याच्या कवचाचा. अंडं प्रवास सोसतं. तीस अंड्यांचा ट्रे, सात ट्रेंचं खोकं, अशी रचलेली लाखांच्या हिशेबातली अंडी बिनबर्फाच्या लॉरीतून तीन-तीन दिवस जातात आणि बाजारात उतरल्यावरही काही दिवस टिकतात. मांसासाठी वाढवलेला जिवंत ब्रॉयलर तसा नाही. तो गाडीत चढला की घटायला लागतो. वाटेत पाणी नाही, ऊन लागतं, काही मरतात. आणि आपल्याकडचं गिऱ्हाईक अजूनही डोळ्यांसमोर कापलेली कोंबडी मागतं, गोठवलेली नको म्हणतं. म्हणून ब्रॉयलर शहराभोवती कडं करून राहतो. मुंबईला रायगड, पालघर, नाशिक आणि पुणे जिल्ह्यांतून रात्री निघालेल्या गाड्या पहाटे पोचतात. लेअर दूर एका ठिकाणी एकवटली आणि ब्रॉयलर गावोगाव विखुरला, हा फरक खरोखर त्या दोन जिवांच्या अंगातून आलेला आहे. मात्र लेअर एकवटायची तर नामक्कललाच का, सोलापूरला का नाही, हे कवच सांगत नाही.

ते कळायला साठ-सत्तरच्या दशकांपासूनचा इतिहास पाहावा लागतो. तोवर आपल्याकडे कोंबडी पाळणं हा जोडधंदासुद्धा नव्हता, सवय होती. संकरित पक्षी आले आणि त्यांच्याबरोबर एक नवा परावलंबीपणा आला. गावरान कोंबडी स्वतःची पिल्लं स्वतः उबवते. संकरित लेअरची पिल्लं विकत आणावी लागतात. तिच्या आईबापांचे कळप दुसऱ्या कुणाच्या हातात असतात. म्हणजे अंडी उबवणी केंद्र ज्याच्या जवळ, धंदा त्याच्या जवळ. १९७१ मध्ये बी. व्ही. राव यांनी हैदराबादेत व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पिल्लं, खाद्य, लस आणि सल्ला एकाच साखळीतून मिळू लागले. दिवसाचं पिल्लू नाजूक; ते जिथवर जिवंत पोचेल तिथवरच शेडं उभी राहिली. तामिळनाडूत नामक्कलला आधीपासून लॉरीचा धंदा होता. बॉडी बांधणारे, ड्रायव्हर, देशभरच्या रस्त्यांची ओळख, सगळं तिथे होतं. अंडं लांब पाठवायचं तर अजून काय हवं? पुढे १९८५ मध्ये तिथे पशुवैद्यकीय महाविद्यालयही आलं. एकाचं शेड पाहून दुसऱ्याने घातलं, दोघांना पाहून बँकेने कर्ज दिलं, शंभर शेडं झाल्यावर औषधवाला दुकान घेऊन बसला. पाचशे मैलांवरच्या एकट्या शेडवाल्याला ज्या गोष्टीसाठी आठवडा थांबावं लागतं, ती नामक्कलमध्ये मोटरसायकलवरून अर्ध्या तासात मिळते. ही जवळीक एकदा साठली की ती मक्याच्या भाड्याचा तोटाही पचवते.

पण माझ्या मते निर्णायक वळण १९८२ चं आहे. तोवर अंड्याचा भाव मोठ्या शहरांतले मोजके व्यापारी ठरवत. अंडं नाशवंत, कोंबडी घालायची थांबत नाही, शेडवाला घाईत. व्यापारी म्हणेल तो शेकड्याचा दर. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला हा दर उत्पादन खर्चाच्याही खाली गेला. तेव्हा राव यांनी गावोगाव फिरून शेडवाल्यांच्या बैठका घेतल्या आणि राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली एनईसीसी, उभी राहिली. आज नामक्कलचा दर किती, हैदराबादचा किती, बरवाल्याचा किती, हे रोज जाहीर होतं आणि देशभरचा किरकोळ दुकानदार ते पाहून अंडं विकतो. तो दर प्रत्येक वेळी पाळला जातो असं नाही. नामक्कलमध्येही सूट देऊन माल काढण्याबद्दल भांडणं होतात. पण दर सुचवण्याचा अधिकार विकणाऱ्याकडे आला, आणि ज्या गावांच्या नावाने दर निघतो ती गावं धंद्याची राजधानी झाली. ज्या जिल्ह्याचा दरच निघत नाही, तो जिल्हा दुसऱ्याच्या दरात भाडं मिळवून आपला हिशेब करतो.

दुसरी गोष्ट हमखास गिऱ्हाइकाची. १९८२ मध्येच एम. जी. रामचंद्रन यांनी तामिळनाडूत शाळेतल्या दुपारच्या जेवणाची योजना मोठ्या प्रमाणावर सुरू केली. १९८९ मध्ये करुणानिधींच्या काळात तिच्यात पंधरवड्याला एक अंडं आलं, आणि वाढत वाढत ते आठवड्याला पाच झालं. मुलांच्या पोटात काय गेलं हा या योजनेचा मुख्य हिशेब. पण तिचा दुसरा हिशेब नामक्कलच्या शेडांत लागला. सरकार रोज लाखोंनी अंडी घेणार हे ठरलेलं असेल तर श्रावण असो की मार्गशीर्ष, सबरीमलाचा उपवास असो की उन्हाळा, धंद्याला तळ मिळतो. बँकेचा मॅनेजर कर्ज देताना कोंबडीकडे बघत नाही. हा तळ बघतो.

आता महाराष्ट्राकडे या. एनईसीसीचं मुख्यालय पुण्यात आहे. व्यंकटेश्वरा समूहाचंही. देशाला अंड्याचा दर पुण्यातून कळतो. मका आणि सोयाबीन आपल्याकडे पिकतात; लातूर ही सोयाबीनच्या देशातल्या प्रमुख बाजारपेठांपैकी एक. २०१९ च्या गणनेत ७ कोटी ४३ लाख पक्ष्यांसह आपण पाचव्या क्रमांकावर होतो. आणि तरीही जानेवारी २०२३ मध्ये राज्याच्या पशुसंवर्धन खात्याने सांगितलं की राज्याला दिवसाला सव्वादोन कोटींहून अधिक अंडी लागतात आणि त्यांत जवळजवळ एक कोटीची तूट आहे; ती कर्नाटक, तेलंगणा आणि तामिळनाडूतून भरून निघते. दर, दाणा, बाजार, सगळं घरात असून अंडं बाहेरून येतं. निसर्गाचा सिद्धान्त मानणाऱ्याने याचं उत्तर द्यावं.

या तुटीवर तेव्हा जो उपाय पुढे आला तो आपल्या सरकारी विचाराचा नमुना आहे: लाभार्थ्याला पन्नास व्हाइट लेगहॉर्न कोंबड्या आणि पिंजरे, अनुदानित दरात. जरा हिशेब करू. दिवसाला एक कोटी अंडी हवीत तर साधारण सव्वा कोटी कोंबड्या अंड्यावर असल्या पाहिजेत. पन्नासच्या हिशेबाने अडीच लाख घरं झाली. प्रत्येक घराला दीड वर्षाने पुन्हा नवा कळप, रोज साडेपाच किलो खाद्य, वेळेवर लस आणि रोजच्या चाळीस अंड्यांना गिऱ्हाईक. हे सगळं पुरवणारी साखळी नसेल तर पन्नास कोंबड्यांचं काय होतं ते ग्रामीण भागात राहिलेल्या कुणालाही विचारा. काही रोगाने जातात, काही पाहुण्यांना, आणि पिंजऱ्यात शेवटी सरपण ठेवतात.

पन्नास पिल्लांची एक दुसरी गोष्टही आहे. १९२३ साली अमेरिकेतल्या डेलावेअरच्या किनाऱ्यावर सिसील स्टील नावाच्या बाईने घरच्या अंड्यांसाठी पन्नास पिल्लं मागवली. चुकून पाचशे आली. तिने ती परत पाठवली नाहीत, वाढवली आणि मांसासाठी विकली. नफा एवढा झाला की पुढच्या वर्षी दुप्पट, मग दहा हजारांचं शेड. त्या द्वीपकल्पावर अमेरिकेतला पहिला ब्रॉयलर पट्टा उभा राहिला. गोष्ट योगायोगाची वाटते, आणि सुरुवात योगायोगाचीच होती. पण पाचशेचे लाखो झाले ते जवळ न्यूयॉर्क-फिलाडेल्फियासारखी शहरं होती, तिथे रोज माल नेणारी वाहतूक होती आणि शेजाऱ्यांना उधारीवर खाद्य देणारे व्यापारी होते, म्हणून. योगायोग कुठेही होतो; तो मुरतो मात्र तिथेच, जिथे खालची जमीन तयार असते.

इथे कुणी म्हणेल, मग करार पद्धतीने हा प्रश्न सुटलाच की. हा आक्षेप गंभीर आहे. तामिळनाडूत उदुमलपेटला १९८४ मध्ये सुरू झालेल्या सुगुणा कंपनीने १९९० च्या सुमारास ब्रॉयलरची करार पद्धत आणली आणि आज तीच देशभर आहे. कंपनी एक दिवसाचं पिल्लू, खाद्य, औषध आणि सुपरवायझर देते; शेतकरी शेड, पाणी, वीज, भाताच्या तुसाची गादी आणि घरातल्या माणसांचे हात देतो. पस्तीस-चाळीस दिवसांत दोन किलोचा पक्षी होतो, गाडी लागते, माल उचलला जातो आणि किलोमागे वाढवण्याचा दर मिळतो. खाद्य कमी लागलं आणि मरतूक कमी राहिली तर दर वाढून मिळतो, नाहीतर कापून. या पद्धतीमुळे ब्रॉयलर दक्षिणेतून बाहेर पडला. महाराष्ट्रात कोकणापासून विदर्भापर्यंत दोन-पाच हजार पक्ष्यांची शेडं उभी राहिली. बाजारभाव पडला तरी शेतकऱ्याला ठरलेला दर मिळतो, हा तिचा मोठा गुण आहे. स्वतः माल विकून एका बॅचमध्ये घर गहाण टाकलेली माणसं हा गुण जाणतात.

पण करार पद्धतीने पक्षी पसरले, अधिकार पसरला नाही. शेडवर कर्ज शेतकऱ्याचं आणि आतला पक्षी कंपनीचा. पुढची बॅच कधी टाकायची, दोन बॅचमध्ये शेड किती दिवस रिकामं राहणार, पिल्लांचा दर्जा काय, हे सगळं बाहेर ठरतं. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडीमुळे करोना होतो अशी अफवा पसरली, भाव जमिनीवर आले आणि ठिकठिकाणी शेडं रिकामी राहिली. कर्जाचा हप्ता मात्र रिकाम्या शेडलाही चुकत नाही. वर्षाला सहा बॅचचा हिशेब करून कर्ज काढायचं आणि पदरात चार पडायच्या, ही तक्रार धंद्यात नवी नाही. नकाशावर ठिपके वाढले म्हणजे त्या ठिकाणची अर्थव्यवस्था वाढली असं होत नाही. ठिपका उचलून दुसरीकडे ठेवायला कंपनीला एक हंगाम पुरतो.

एकवटण्याची किंमत काय असते ते महाराष्ट्राने सगळ्यांत आधी पाहिलं. १८ फेब्रुवारी २००६ रोजी देशातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये जाहीर झाला. लागूनच गुजरातेतल्या उच्छलमध्येही. गुजरातच्या सीमेवरचा आदिवासी तालुका, सुरत-धुळे महामार्ग, आणि एकमेकांना खेटून मोठी लेअर शेडं. काही दिवसांत लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. परसातल्याही, म्हणजे ज्या बाईने शेडच्या धंद्यातून एक पैसा पाहिला नव्हता तिच्या पाच कोंबड्याही त्या खड्ड्यात गेल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात तेच पुन्हा झालं. २०२५ च्या फेब्रुवारीत पाळी गोदावरी जिल्ह्यांची आली, आणि तेलंगणाने आंध्रातून येणाऱ्या कोंबड्यांच्या गाड्या सीमेवर अडवल्या. भरपाईचा नियम असा की मारलेल्या पक्ष्याचे पैसे मिळतात, आधीच मेलेल्याचे नाही. म्हणजे उशिरा कळवणाऱ्याचं नुकसान, आणि लवकर कळवलं तर शेजारचा सगळा पट्टा बंद. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही हे शेडवाल्याला ठाऊक असतं; पण शंभर शेडं खेटून असली की झाकायचा मोह शंभर जणांना होतो. आणि करारातल्या पक्ष्याची भरपाई पक्ष्याच्या मालकाची. महिनोन्‌महिने रिकाम्या पडलेल्या शेडचा मालक त्या कागदावर कुठेच नसतो.

दुसरी किंमत दाण्यात मोजावी लागते. धंदा एका टोकाला आणि दाणा दुसऱ्या टोकाला असला की दोघांत वैर लागतं. २०२१ मध्ये सोयाबीनच्या पेंडेचे भाव भडकले, पोल्ट्रीवाल्यांनी दिल्लीत दाद मागितली, आणि ऑगस्टमध्ये केंद्राने जनुक बदललेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. नवं पीक बाजारात यायच्या तोंडावर आलेल्या या निर्णयाने मराठवाड्यातला आणि विदर्भातला सोयाबीनवाला संतापला. आता मक्यावर इथेनॉलवाल्यांनी हक्क सांगितला आहे. मका महागला आणि २०२४ मध्ये निर्यात करणारा आपला देश मक्याचा आयातदार झाला. दाणा पिकवणारा आणि कोंबडी पाळणारा एकाच तालुक्यातले असते, तर मक्याचा भाव चढल्यावर एकाचा तोटा निदान शेजाऱ्याच्या घरात नफा म्हणून दिसला असता. आज तो तोटा कोईमतूरला दिसतो आणि नफा वाटेत कुठेतरी मुरतो.

तरीही सगळ्यांत मोठा आक्षेप उरतोच, आणि तो टाळून चालणार नाही. धंदा कुठेही असो, अंडं स्वस्त मिळतंय ना? एकवटल्यामुळेच ते स्वस्त आहे. विखुरलं तर महागेल, आणि महाग अंडं गरिबाच्या मुलालाच परवडणार नाही. यात तथ्य आहे. नामक्कल मोडा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण २०२३-२४ मध्ये भारतात दरडोई एकशेतीन अंडी उपलब्ध होती आणि पोषणशास्त्रज्ञ एकशेऐंशीची शिफारस करतात. म्हणजे प्रश्न आहे तीच अंडी इकडून तिकडे हलवण्याचा नाही, अजून व्हायच्या अंड्यांचा आहे. ती कुठे होणार? पश्चिम बंगालने ठरवून प्रोत्साहन दिलं आणि २०२२-२३ या एका वर्षात त्याचं अंडी उत्पादन २० टक्क्यांनी वाढलं. २०२३-२४ मध्ये देशातल्या अंड्यांत त्याचा वाटा ११ टक्क्यांच्या वर होता. उत्तर प्रदेशाने २०१३ पासून दहा आणि तीस हजार पक्ष्यांच्या लेअर शेडांना व्याजात सवलत दिली आणि आता तिथेही आकडे हलताहेत. आंध्राची लॉरी थांबली नाही. तिच्याशेजारी दुसरी लॉरी उभी राहिली. ठरवलं तर नकाशा बदलतो. फक्त कोंबडी सोडून बाकी सगळ्याचं ठरवावं लागतं.

महाराष्ट्र नेमकं इथे कच खातो. नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा पैसा काढून घेतला. द्यायचंच असेल तर शाळांनी लोकवर्गणीतून द्यावं म्हणे. या निर्णयावर जी चर्चा झाली ती मुलांच्या पोषणाची आणि शाकाहार-मांसाहाराची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण कुणी असं विचारलं नाही, की लाखो अंड्यांचा बांधलेला खरेदीदार आपण जन्मल्या-जन्मल्या मारला तर गडचिरोलीत किंवा हिंगोलीत लेअर शेड घालायला बँक कशाच्या जिवावर कर्ज देईल? तामिळनाडूने ज्या दोरीने शाळा आणि शेड एकत्र बांधले, तीच दोरी आपण कापली आणि मग कोंबड्यांना अनुदान दिलं.

खरेदीदारापाठोपाठ प्रश्न येतो मालकीचा, आणि त्याचं एक उत्तर फार लांब नाही. मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम जिल्ह्यात, इटारसीजवळ केसला हा आदिवासी विकासखंड आहे. तिथे ‘प्रदान’ या संस्थेने ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून गोंड आणि कोरकू बायकांबरोबर ब्रॉयलरचं काम सुरू केलं. एकेकीचं शेड लहान, काही शे पक्ष्यांचं, घराला लागून. पण पिल्लं, खाद्य, लस, गावातच तयार केलेले देखरेख करणारे, आणि विक्री, हे सगळं एकत्र. पुढे त्यांची सहकारी संस्था झाली आणि मग महिलांची उत्पादक कंपनी. बाईला तिच्या कामाप्रमाणे मोबदला मिळतो: किती खाद्यात किती वजन, किती मरतूक. बाजार पडला की तोटा संस्था सोसते, चढला की तिजोरीत साठवते. नीट पाहिलं तर हा तंतोतंत कंपनीचाच करार आहे. फरक एवढाच, की कंपनी त्या बायकांची आहे. वर्षाला किती बॅच टाकायच्या याचा निर्णय ज्या बैठकीत होतो, तिथे शेडची मालकीण हजर असते.

दूध आणि साखर या दोन धंद्यांत पश्चिम भारताने हे करून दाखवलं आहे. प्रवरेचा साखर कारखाना आणि आणंदची डेअरी यांनी पिकाचा नकाशा बदलला, कारण आधी त्यांनी भाव ठरवणाऱ्याचं गाव बदललं. कोंबडीला मात्र आपण जोडधंदा म्हणत राहिलो. जोडधंद्याला अनुदान मिळतं, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळतं, फोटो मिळतो. कारखाना, बोर्ड आणि दर मिळत नाही. त्यामुळे आपल्याकडे कोंबडी एकतर दुसऱ्याची असते किंवा पन्नासच्या वर जात नाही.

केसला सातपुड्याच्या ज्या बाजूला आहे, तिच्या दक्षिणेला उतरलं की मेळघाट लागतो. तिथेही कोरकूच राहतात. कुपोषणाच्या बातमीत त्या गावांची नावं आपण वर्षानुवर्षं वाचत आलो आहोत. आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेतून मुलांना अंडं द्यायचं ठरलेलं आहे, म्हणजे खाणारं मूल आहे आणि सरकार खरेदीदारही आहे. हवामान तेच, भाषा तीच, कोंबडी पाळायची सवय तीच, मधे फक्त राज्याची सीमा. डोंगराच्या एका उतारावर बायका स्वतःच्या धंद्याचा ताळेबंद वाचतात आणि दुसऱ्या उतारावर अंगणवाडीच्या अंड्यासाठी मैदानातून येणाऱ्या गाडीची वाट बघतात. हा फरक कोंबडीने केलेला नाही.